काळ्याची सर्वोत्तम चाल

१९३७ साली मिखाईल बोट्विनिक हा तरुण सोव्हिएत खेळाडू लेव्हेनफिशविरुद्धच्या सामन्यासाठी मॉस्कोतल्या एका हॉटेलात उतरला होता. तिथे सर्गेई कामिनेर नावाचा त्याचा जुना मित्र त्याला भेटायला आला. कोवळ्या वयात दोघे एकमेकांशी खेळले होते. कामिनेरने एक वही बोट्विनिकच्या हाती दिली. तिच्यात त्याने स्वतः रचलेल्या बुद्धिबळाच्या स्टडी होत्या. आपल्याकडे राहिली तर ही वही नाहीशी होईल, असे त्याचे म्हणणे होते. ही हकिगत पुढे बोट्विनिकनेच सांगितली. १९३८ साली कामिनेरला गोळी घालून ठार करण्यात आले. बोट्विनिक १९४८ साली जगज्जेता झाला. वही त्याने सांभाळून ठेवली. १९८१ साली कामिनेर आणि मार्क लिबुर्किन यांच्या निवडक स्टडींचे पुस्तक रशियन भाषेत निघाले, तेव्हा ती अखेर वाचकांपर्यंत पोचली.

ही हकिगत मी प्रथम वाचली तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. या स्टडी कुणी कुणाविरुद्ध खेळलेल्या नव्हत्या. त्यांनी कुठला सामना जिंकून दिला नव्हता. मग मरणाची चाहूल लागलेल्या माणसाला, घरदार सोडून, आधी हीच वही वाचवावी असे का वाटले असेल? प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एका हौशी अभ्यासकाचा प्रयत्न आहे. बुद्धिबळ मला कुणी रीतसर शिकवले नाही. खाडिलकर भगिनींची नावे वर्तमानपत्रांत गाजत होती त्या दिवसांत, रद्दीत मिळालेल्या पुस्तकांवरून मी जे शिकलो तेवढेच. डाव खेळण्यात मला फारशी गती आली नाही. रचना वाचण्याची गोडी मात्र लागली, ती आजतागायत आहे.

आधी थोडा खुलासा. पटावर दोन माणसे बसून खेळतात तो डाव. ‘पांढऱ्याने सुरुवात करून दोन चालींत मात करा’ अशा स्वरूपाचे जे कोडे रविवारच्या पुरवणीत दिसते, त्याला कूट म्हणू. स्टडी हा त्याहून वेगळा प्रकार. तिच्यात चालींची संख्या ठरलेली नसते. पांढऱ्याने जिंकायचे किंवा बरोबरी साधायची एवढेच सांगितलेले असते, आणि स्थिती बहुधा डावाच्या अखेरीस येते तशी, मोजक्या मोहऱ्यांची असते. कूट आणि स्टडी दोन्ही एकट्या माणसाने घरी बसून रचायच्या. म्हणजे त्यांना कर्ता असतो, शैली असते, परंपरा असते. साहित्याच्या वाचकाने त्यांच्याकडे वळायला एवढे कारण पुरेसे आहे.

उदाहरण म्हणून रिचर्ड रेतीची १९२१ सालची प्रसिद्ध स्टडी घेऊ. पटावर चारच मोहरी. पांढरा राजा एच ८ या कोपऱ्यातल्या घरात, पांढरे प्यादे सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, काळे प्यादे एच ५ वर. चाल पांढऱ्याची, आणि बरोबरी साधायची. पहिल्या दृष्टीला हे अशक्य वाटते. काळे प्यादे वजीर व्हायला निघाले आहे आणि पांढरा राजा त्याला गाठायला दोन चाली मागे आहे. पांढऱ्या प्याद्यावर काळ्या राजाची नजर आहे, ते एकटे पुढे गेले की मारले जाणार. रेतीचे उत्तर असे : राजाने जी ७, मग एफ ६ असे तिरके चालावे. काळा आपले प्यादे दामटत राहिला, तर पांढरा राजा स्वतःच्या प्याद्याच्या मदतीला पोचतो आणि दोन्ही बाजूंचे वजीर होतात. काळ्याने मध्येच थांबून पांढऱ्या प्याद्याचा समाचार घेतला, तर तेवढ्या अवधीत पांढरा राजा ई ५ वरून मागे वळून काळ्या प्याद्याला गाठतो. कागदावर कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. पटावर मात्र राजाला तिरके जायलाही तेवढ्याच चाली लागतात. एका वाटेने दोन कामे होतात ती यामुळे.

या रचनेचे कौतुक करताना सगळे पांढऱ्या राजाची चतुराई सांगतात. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. काळ्याने इथे एकही चूक केलेली नाही. त्याच्यापुढे जे मार्ग होते, त्यांतला प्रत्येक त्याला वापरू दिलेला आहे. स्टडीच्या कलेचा पहिला कायदाच हा आहे की, रचनाकाराने विरुद्ध बाजूला तिची सर्वोत्तम चाल खेळू दिली पाहिजे. काळ्याचा एखादा बचाव नजरेतून सुटला आणि तो पुढे कुणा वाचकाला सापडला, तर रचना बाद होते. ती कितीही देखणी असो, कर्ता कितीही थोर असो. डाव जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचा फायदा घेता येतो. रचनाकाराला ती सोय नाही. त्याला अर्धा वेळ काळ्याच्या बाजूने, पांढऱ्याचा बेत हाणून पाडण्यासाठी विचार करावा लागतो. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत पूर्वपक्ष मांडण्याची जी शिस्त होती, तिच्याशी याचे नाते जुळते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून अधिक ताकदीने मांडायचे, मगच खोडायचे.

आता ही शिस्त ज्या देशात सर्वाधिक बहरली, तिथे त्या काळी न्यायालयांत काय चालले होते ते पाहू. सोव्हिएत बुद्धिबळ संघटनेचा प्रमुख निकोलाय क्रिलेन्को हा पेशाने सरकारी वकील होता. मॉस्कोत १९२५, १९३५ आणि १९३६ साली भरलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमागे तोच होता. मार्च १९३१ मध्ये मॉस्कोत मेन्शेविकांवर जो जाहीर खटला चालला, त्यात चौदा आरोपी होते आणि सरकारची बाजू क्रिलेन्कोने मांडली. चौदा जणांत लाझार झाल्किंड नावाचा अर्थतज्ज्ञ होता. तो नामांकित कूटकार आणि स्टडीकारही होता. म्हणजे आरोप करणारा बुद्धिबळाचा राष्ट्रीय कारभारी आणि आरोपी त्याच बुद्धिबळाचा एक कलावंत, असे दोघे त्या दालनात समोरासमोर होते. आरोपींनी गुन्हे कबूल केले. कबुलीजबाब आधीच वदवून घेतलेले होते. झाल्किंडला आठ वर्षांची शिक्षा झाली. तो घरी परतला नाही. १९४५ साली अतिपूर्वेकडे त्याचा अंत झाला.

स्टडीच्या भाषेत सांगायचे तर त्या खटल्यात काळ्याला चालच नव्हती. निकाल आधी ठरला होता आणि स्थिती त्याला जुळेल अशी मांडली होती. सात वर्षांनी, जुलै १९३८ मध्ये, क्रिलेन्कोलाही तसाच झटपट खटला चालवून गोळी घालण्यात आली.

झाल्किंड एकटा नव्हता. १९३६-३७ च्या सुमारास सोव्हिएत कूटकारांवर रूपवादाचा, म्हणजे आशय सोडून नुसत्या रूपाशी खेळल्याचा ठपका येऊ लागला. परदेशी मासिकांत रचना छापणे संशयास्पद ठरले. आर्विद कुब्बेलला १९३७ साली अटक झाली आणि १९३८ च्या आरंभी गोळी घालण्यात आली. वासिली आणि मिखाईल या प्लातोव बंधूंची १९०९ सालची एक स्टडी खुद्द लेनिनला आवडली होती आणि त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात तिची वाखाणणी केली होती. तरीही मिखाईल प्लातोव १९३७ साली पकडला गेला आणि छावणीत मेला. जे तुरुंगातून वाचले त्यांच्यातल्या काहींना युद्धाने गाठले. लिओनिद कुब्बेल आणि अलेक्सेई त्रोइत्स्की हे दोघे थोर स्टडीकार १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात मरण पावले.

इथे वाचक माझ्यावर एक आक्षेप घेईल. पटावरच्या न्यायाचा आणि न्यायालयातल्या न्यायाचा संबंध जोडणे ही लेखकाची भावुकता नव्हे काय? हा आक्षेप सर्वांत जोरकसपणे व्लादिमीर नाबोकोव्हच्या लेखनातून उभा राहतो. रशियातून परागंदा झालेला हा कादंबरीकार स्वतः कूटे रचत असे. ‘पोएम्स अँड प्रॉब्लेम्स’ या पुस्तकात त्याने आपल्या कवितांच्या शेजारी अठरा कूटे छापली. ‘स्पीक, मेमरी’ या आत्मचरित्रात तो म्हणतो, त्याचा आशय असा : कुटातली खरी झुंज पांढऱ्या-काळ्यात नसून रचणारा आणि सोडवणारा यांच्यात असते. कलेकडून समाजोपयोगी संदेश मागणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. त्याच्या लेखी कूट हे जगापासून तुटलेले, स्वयंपूर्ण सौंदर्य आहे.

पण त्याच आत्मचरित्रात एक तपशील आहे. पॅरिसमध्ये रचलेल्या आपल्या एका कुटाच्या कागदावर युद्धकाळातल्या फ्रेंच तपासनिसांचा शिक्का असल्याचे तो नोंदवतो. कूट जगापासून तुटलेले असेल, पण जग कुटाला सोडायला तयार नव्हते. नाबोकोव्हचे म्हणणे मला अर्धे पटते. स्टडीत संदेश नसतो हे खरे. तिच्यात एक सवय असते, प्रतिपक्षाला पूर्ण वाव देण्याची. ती सवय माणसाला चांगला करतेच असे नाही. क्रिलेन्को बुद्धिबळाचा भक्त होता, त्याने काय बदलले? बोट्विनिकही निष्ठावंत कम्युनिस्ट होता. १९३६ साली नॉटिंगहॅमची स्पर्धा गाजवल्यावर त्याने स्टालिनला कृतज्ञतेची तार केली होती. तरी मित्राची वही त्याने टाकली नाही. एवढी वही जवळ बाळगण्यातला धोका त्याला ठाऊक नसेल असे म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप खेळाडूंचा. जिवंत डावात जो थरार आहे तो घरी बसून रचलेल्या स्थितीत कुठून येणार? याला उत्तर देताना १९५१ सालचा जगज्जेतेपदाचा सामना आठवतो. बोट्विनिकविरुद्ध डेव्हिड ब्रॉन्स्टाइन, चोवीस डाव, निकाल १२-१२, आणि बरोबरीमुळे किताब बोट्विनिककडेच. सहाव्या डावात अखेरीस ब्रॉन्स्टाइनच्या हाती बरोबरी होती. घोड्याने आधी शह देऊन मग काळे प्यादे अडवायचे एवढेच बाकी होते. त्याने राजा हलवला आणि डाव गेला. सामन्याचा अंतिम हिशेब पाहिला की तो अर्धा गुण डोळ्यांत सलतो. हा थरार आहेच. पण तो चुकीतून जन्मलेला आहे, आणि चूक दाखवून दिली की त्या स्थितीत पाहण्याजोगे फारसे उरत नाही.

ब्रॉन्स्टाइनचे वडील १९३७ साली पकडले गेले होते आणि काही वर्षे त्यांनी कैदेत काढली. हा तपशील ध्यानात ठेवून त्याचे १९५३ च्या झ्युरिक स्पर्धेवरचे पुस्तक वाचावे. पंधरा खेळाडू, २१० डाव, विजेता स्मिस्लोव्ह. प्रत्येक डावावर ब्रॉन्स्टाइनने लिहिले आहे. हरणाऱ्याच्या मनात काय बेत होता आणि तो कुठे फसला, हे तो विजेत्याच्या बेताइतक्याच आस्थेने सांगतो. स्पर्धेच्या इतिवृत्तात स्टडीचा कायदा लागू केल्यासारखे ते पुस्तक मला वाटते, आणि ते इतकी वर्षे टिकले त्याचे कारणही हेच असावे.

१९५६ साली युगोस्लाव्हियातील पिरान येथे कूटकारांची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. रचनाकारांना जागतिक व्यासपीठ मिळाले. पुढे संगणक आले आणि त्यांनी जुन्या स्टडी निर्दयपणे तपासल्या. अनेक फुटल्या. त्रोइत्स्कीने दोन घोडे विरुद्ध प्यादे या अंतिम स्थितीचे जे विश्लेषण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नुसत्या डोक्याने केले होते, ते मात्र मुख्यतः खरे ठरले.

कामिनेरच्या वहीचे उत्तर मला इथे सापडते. पटाच्या न्यायालयात कुठलाही निकाल अखेरचा नसतो. चाळीस वर्षांनी कुणी अनोळखी माणूस काळ्याच्या बाजूने बसून नवी चाल सुचवू शकतो, आणि ती खरी असेल तर ती मान्य करावीच लागते. बाहेर ज्याला बचावाची संधी मिळणार नव्हती, त्याने आपले काम अशा जागी ठेवले जिथे बचाव कायम खुला असतो. कामिनेरच्या एखाद्या स्टडीशी मी रात्री पट मांडून बसतो, तेव्हा आधी काळ्याच्या बाजूने बसतो. तिला फोडण्याचा मनापासून प्रयत्न करतो. तो फसला की पट उलटा फिरवतो.