डभोईच्या रुळांवरचे बैल कुठे गेले? एका प्रदर्शनाची उद्घाटनाआधीची पाहणी

आमच्या बडोद्यात जुन्या नॅरोगेज रेल्वेवर एक छोटं प्रदर्शन तयार होतंय. उद्घाटनाला दहा दिवस राहिलेत. आयोजकांनी ‘एकदा नजर टाकून जा’ म्हणून बोलावलं, तसा गेल्या रविवारी जाऊन आलो. उद्घाटनाच्या दिवशी सगळेच ‘छान, छान’ म्हणतात. म्हणून जे खटकलं ते आत्ताच लिहितो. अजून दुरुस्ती होऊ शकते.

आधी जे जमलंय ते सांगतो. दालनात शिरताच जमिनीवर रुळांच्या दोन जोड्या रंगवल्या आहेत. एक ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. शेजारी डभोईची, ७६२ मिलिमीटर. काम करणाऱ्या सुताराचा मुलगा तिथे उड्या मारत होता. धाकटी रुंदी एका ढांगेत पार व्हायची, थोरली काही जमेना. गेज म्हणजे काय ते दोन पानं वाचून कळलं नसतं, ते त्याला पायाने कळलं. पुढे मियागामच्या धक्क्याचा देखावा आहे. डभोईकडचा माल इथे छोट्या डब्यांतून उतरवून मुख्य लाइनच्या मोठ्या डब्यांत चढवावा लागे. हमालांच्या पाठीवरच्या कापसाच्या गाठी नीट दाखवल्या आहेत. हे फार चांगलं झालंय.

घोटाळा आहे तो मुख्य फलकावर. तिथे वाफेच्या इंजिनाचं झकास मॉडेल, खाली ‘१८६२’, आणि मजकूर असा की सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीतून ही वाफेची गाडी धावू लागली.

एकाच वाक्यात दोन चुका. सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. ते दत्तक आले १८७५ मध्ये. डभोई-मियागाम लाइन सुरू झाली तेव्हा गादीवर खंडेराव महाराज होते. बडोद्यातली प्रत्येक चांगली गोष्ट सयाजीरावांच्या खात्यावर टाकायची आपल्याला सवयच लागली आहे. त्यांचं स्वतःचं काम इतकं मोठं आहे, की दुसऱ्याचं उसनं घ्यायची गरज नाही.

दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते. १८६२ मध्ये या रुळांवरचे डबे बैल ओढत होते. पुढच्या वर्षी या लाइनसाठी नीलसन कंपनीने इंजिन तयार केलं, तरी रोजचं काम बैलांकडेच राहिलं, कारण रूळ फार हलके होते. १८७३ मध्ये जड रूळ टाकले गेले, आणि इंजिनं नियमित धावू लागली ती १८८० च्या सुमारास. म्हणजे इंजिन आणि १८६२ ही जोडी मुळात जुळतच नाही.

आयोजकांपैकी एकजण म्हणाले, “अहो, बैल दाखवले तर मागासलेपणा वाटेल.” मी इंजिनिअर माणूस, मला उलट वाटतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी जोरात फिरतं. कच्च्या रस्त्यावर गाडी ओढणारी बैलजोडी रुळावर त्याच्या कितीतरी पट माल ओढते. शिवाय बैल चालतो जमिनीवर, त्याचं वजन रुळावर पडतच नाही. इंजिनाला मात्र चाकं घसरू नयेत म्हणून स्वतः जड असावं लागतं, आणि तो सगळा भार मोजक्या चाकांखालच्या रुळावर येतो. हलके रूळ आणि बैल ही जोडी हिशेबाला धरून होती. यंत्र आणायचं तर आधी त्याच्या पायाखालचं बदलावं लागतं, हीच तर या लाइनची खरी गोष्ट. ती शाळेतल्या पोरांना सांगायची सोडून आपण एक चकचकीत इंजिन मांडून मोकळे होतोय.

आता एक कबुली. ते वाफेचं वाक्य वाचताना ओळखीचं वाटत होतं. घरी येऊन जुन्या फायली उपसल्या, तर ते माझंच निघालं. हौशीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एक माहितीपत्रक लिहिलं होतं. कुठेतरी ‘भारतातली पहिली नॅरोगेज’ असं वाचलं, आणि पहिली म्हणजे वाफेचीच, असं गृहीत धरून बसलो. नंतर चूक कळली तेव्हा पुढच्या लेखात नीट लिहिलं, पण ते पत्रक मागे घेतलं नाही. कोण वाचतंय, असं वाटलं होतं. आता ते चार फुटी फलकावर चढलंय. तेव्हा दोष नुसता आयोजकांचा नाही.

सोमवारी दुरुस्त्या लेखी दिल्या, माझ्या चुकीसकट. फलकावर खंडेरावांचं नाव हवं. १८६२, १८७३ आणि १८८० ही तिन्ही सालं हवीत. इंजिन राहू दे, पण १८८० शेजारी. १८६२ पुढे डबे आणि बैल.

नवा फलक छापायला वेळ आहे, बैल करायला नाही म्हणतात. आमच्या घरी पोळ्याचे मातीचे बैल जपून ठेवलेले आहेत. उद्या पट्टी घेऊन बसतो. मॉडेलच्या मापात बसले, तर एक जोडी मीच नेऊन देईन.