‘बर्नआउट’ : एका शब्दाचा अर्थविचार

इंग्रजीत थकव्याला शब्द कमी नाहीत. ‘टायर्ड’, ‘वेअरी’, ‘एक्झॉस्टेड’ अशी त्यांची श्रेणीच लावता येते. त्यांच्या शेजारचा ‘बर्नआउट’ हा शब्द आता मराठी घरांत जसाच्या तसा वावरतो आणि अर्थ विचारला तर ‘थकवा’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अपुरे आहे. इतकेच नव्हे, तर त्यामुळे उपायही चुकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या शब्दाचे एक रूप कुष्ठरोगाच्या वैद्यकात होते. ग्रॅहम ग्रीन यांची ‘अ बर्न्ट-आउट केस’ ही कादंबरी १९६१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. काँगोतील कुष्ठरोग्यांची वसाहत ही तिची पार्श्वभूमी. हातापायांची बोटे घेऊन रोग शमला आहे, असा रुग्ण म्हणजे ‘बर्न्ट-आउट केस’. येथे जळून संपतो तो रोग. माणूस पंगू होतो, पण बरा झालेला असतो. ग्रीन यांनी ही संज्ञा क्वेरी या नामवंत वास्तुशिल्पज्ञाच्या मनाला लावली. कीर्ती, प्रेम, श्रद्धा यांपैकी कशाचीच ओढ न उरलेला हा गृहस्थ वसाहतीत येतो. त्याला थोडी उभारी येते ती विश्रांतीने नव्हे, तर तेथील नव्या रुग्णालयाच्या आराखड्याचे साधे, उपयोगी काम हाती घेतल्यावर. एका मत्सरी पतीच्या खोट्या संशयापायी होणारा त्याचा अंत काहीसा ओढूनताणून आणलेला वाटतो. परंतु कामाविषयीचे हे निरीक्षण मात्र अचूक आहे.

पुढे १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी, मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हटले. आता जळत होता तो माणूस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या शब्दाची मर्यादा आखली. तिच्या मते हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट न हाताळला गेल्याचा हा परिणाम होय. त्याची लक्षणे तीन : शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपली कार्यक्षमता घटल्याची भावना होणे. हा शब्द जीवनाच्या इतर क्षेत्रांना लावू नये, असेही तिने बजावले आहे. प्रवासाहून परतल्यावर किंवा घरचे लग्नकार्य आटोपल्यावर ‘बर्नआउट झाला’ म्हणणे म्हणूनच गैर आहे.

मराठीने या प्रांतात बारकावे जपले आहेत. ‘दमणे’ श्वासाशी निगडित. घोटभर पाणी प्यावे, की ओसरते. ‘थकवा’ झोपेने जातो. ‘शीण’ साचत जातो. ‘मरगळ’ येते तेव्हा हातपाय हलवावेसे वाटत नाहीत. ‘उबग’ मात्र मनाचा असतो आणि तो विश्रांतीने जात नाही. ‘बर्नआउट’मध्ये शीण आणि उबग दोन्ही असतात, शिवाय ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही खंतही असते.

‘जळणे’ हे क्रियापद येथे चालणार नाही. माणूस जळतो म्हटले की मराठी कानाला मत्सर ऐकू येतो. त्यापेक्षा ‘करपणे’ जवळचे. बिरबलाच्या नावावर सांगितले जाणारे कोडे वाचकांना आठवत असेल : भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. करपण्यात भाकरीचा दोष नसतो. खालचा जाळ आणि तव्याजवळचे हात यांचीच चौकशी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतला आशय हाच आहे.

हा शब्दांचा खेळ नव्हे. शासकीय सेवेत, वर्षानुवर्षे एकाच टेबलावर तेच काम करणारी होतकरू माणसे कडवट होत गेलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. त्यांच्यावर ‘कामचुकार’ असा शेरा पडे. टेबल बदलण्याचा विचार क्वचितच होई. आज आपल्या घरांतील मुले-सुना दूरच्या शहरांतून दूरध्वनीवर हाच शब्द उच्चारतात आणि आपण ‘दोन दिवस रजा घे, झोप काढ’ असे सांगून मोकळे होतो. रजा संपते आणि तवा तोच असतो. तेव्हा सल्ला देण्यापूर्वी आपल्याच भाषेत विचारावे : दमलास, शिणलास, की उबगलास? यांतील प्रत्येक उत्तराचा उपाय वेगळा आहे.