ठळक म्हणजे वाचनीय नव्हे : ‘इम्पॅक्ट’ या अक्षरवळणाचे परीक्षण

प्रोजेक्टचे पोस्टर करायला बसलात की फॉन्टच्या यादीतून तुमच्यापैकी बरेच जण ‘इम्पॅक्ट’ निवडतात. शीर्षक काळेभोर दिसते आणि काम झाल्यासारखे वाटते. ही निवड कुठे योग्य आणि कुठे चुकीची, ते पाहू.

जेफ्री ली यांनी आखलेले हे अक्षरवळण शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या कंपनीने १९६५ मध्ये धातूच्या खिळ्यांत आणले. कमी जागेत जास्तीत जास्त काळेपणा, हे त्याचे तत्त्व. अक्षरे अरुंद, रेषा जाड, पोटातली पोकळी फटीएवढी. स्मॉल अक्षरे जवळजवळ कॅपिटलइतकी उंच. वरचे दांडे आणि खालच्या शेपट्या आखूड. त्यामुळे ओळी जवळजवळ बसतात. दोन-चार शब्दांच्या मथळ्याला हे शोभते. मीममधील काळ्या कडेची पांढरी अक्षरे आठवा : मागचे चित्र गडद असो वा फिके, मजकूर वाचता येतो. मात्र याच फॉन्टमध्ये परिच्छेद लिहिला, तर सगळे शब्द एकसारख्या विटांसारखे दिसतात आणि डोळे थकतात.

आता आपल्या लिपीकडे वळू. इम्पॅक्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. तुम्ही मराठी किंवा हिंदी मजकूर निवडून त्याला हा फॉन्ट दिला, तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट वापरतो. मग तुम्ही ‘बोल्ड’ दाबता. त्या फॉन्टला स्वतःचा ठळक प्रकार नसेल, तर संगणक रेषा नुसत्या फुगवतो. ‘व’ आणि ‘ब’ यांत फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत तो मुख्यतः शिरोरेखेतील खंडाचा. पोकळी बुजली की हा फरकही बुजतो. प्रयोगशाळेच्या भिंतीवर ‘विद्युतप्रवाह बंद करा’ असे लिहायचे असेल, तर ही बाब केवळ सौंदर्याची राहत नाही.

शिवाय इम्पॅक्टने वरची-खालची जागा कापली, तशी देवनागरीत कापता येत नाही. वेलांटी, रफार, अनुस्वार वर आणि उकार खाली बसतात. तिथेच अर्थ असतो.

म्हणजे जाड देवनागरी शक्यच नाही का? मुंबईच्या एक टाइपचा ‘मोदक’ पाहा. त्यात पोकळ्या बारीक पांढऱ्या रेघांपुरत्या उरल्या आहेत. पण त्या हाताने, अक्षरागणिक विचार करून राखल्या आहेत. तोही मोठ्या आकारातच वापरावा. लहान केला की त्या रेघा मिटतात.

करून पाहा : पोस्टरचे शीर्षक छापून भिंतीवर लावा आणि दहा पावले मागे जा. विषय माहीत नसलेल्या मित्राला ते वाचायला सांगा. तो अडखळला, तर फॉन्ट बदला.