जेथे म्हातारे होता येत नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या मानकोलीतले एक शेजारी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा दुबईला, जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात कारकून आहे. कोणी तिकडे जाणारे भेटले होते, म्हणून फराळाचा डबा पाठवायचा होता. म्हणाले, "डब्याबरोबर एखादं पुस्तक धाडतो. पण आधी मी वाचीन. मराठीत दुबईवर काही असेल ते द्या. इमारती किती उंच आहेत ते नको. तिथं माणूस राहतो कसा, एवढं कळलं म्हणजे झालं."

मी कपाटाशी गेलो आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.

मानकोलीच्या माणसाला गोदाम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मुंबई-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेथे भातखाचरे होती तेथे आता पत्र्याच्या छपरांची रांगच लागली आहे. गाव डोळ्यांदेखत बदलले; ते का बदलले हे आम्ही एकमेकांना सांगू शकतो. परंतु ज्या नगरीत आमची पोरे जातात तिच्याविषयी आमचे वाङ्मय मुके आहे, हे त्या दिवशी प्रथमच मला टोचले.

वास्तविक ही नगरी आपल्याला परकी नव्हे. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखाती मुलखासाठी वेगळा रुपया काढला होता आणि १९६६ पर्यंत दुबईच्या पेठेत तोच चालत असे. त्याच १९६६ साली तेथे तेल सापडले. १९६८ च्या शिरगणतीत साठ हजारही न भरलेली ही वस्ती आज पस्तीस लाखांच्या पुढे गेली आहे. २०१० साली तेथे ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा उभा राहिला. माणसाच्या एका आयुष्यात एवढे शहर वाढल्याचे उदाहरण विरळा.

झपाट्याने वाढणाऱ्या शहराशी मराठी लेखकाची गाठ याआधी पडली नव्हती, असे नाही. मुंबईने त्याला असेच भांबावून सोडले होते. तरीही अण्णाभाऊ साठ्यांच्या 'माझी मैना'त गिरणगावातला चाकरमानी आपल्या विरहासकट उभा राहिला. १९६३ साली जयवंत दळवींचे 'चक्र' आले, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. १९६६ साली नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' आले. या लेखकांनी मुंबईची उंची मोजली नाही. तिच्या फूटपाथावर, झोपडीत, कारखान्याच्या दाराशी माणूस काय होतो, हे त्यांनी पाहिले.

वाळवंटातल्या नगरीवर मराठीत जे माझ्या वाचनात आले ते बहुतेक प्रवासवर्णन आहे. त्या प्रकाराची मी हेटाळणी करीत नाही. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० साली तो घरोघर नेला. पण तेथे प्रवासी स्वतःलाही हसत होता आणि भेटलेल्या माणसाकडे निरखून पाहत होता. पुढच्या अनुकरणकारांनी तिकीट, हॉटेल आणि खरेदी एवढेच उचलले. अशा लेखनात दुबई ही काचेच्या कपाटातली वस्तू होते. ती काच पुसणाऱ्या हाताला तेथे नाव नसते.

इतर भाषांत काय झाले? अब्दुर्रहमान मुनीफ या अरबी लेखकाच्या 'मिठाची शहरे' या पाच भागांच्या कादंबरीचा पहिला भाग १९८४ साली आला. पाण्याची, सावलीची एक दरी तेलासाठी उखडली जाते आणि समुद्रकाठी हर्रान नावाचे शहर उठते. तिचा नायक एक माणूस नाही, अवघी वस्ती आहे. शहर उगवण्याआधी तेथे काय होते हे सांगणारी इतकी समर्थ कृती दुसरी मी वाचली नाही. पण मुनीफची नजर मुख्यतः तेथल्या भूमिपुत्रावर आहे. आपला मुलगा तिच्या कडेला कोठेतरी उभा आहे.

बेन्यामिन यांची 'आडुजीवितम्' ही मल्याळम कादंबरी २००८ ची. नोकरीच्या आशेने सौदीत उतरलेला नजीब वाळवंटातल्या शेळ्यांच्या गोठ्यावर गुलाम होऊन पडतो. वाचताना घसा कोरडा पडतो. परंतु तिच्यामुळे घरी बसलेल्या वाचकाला एक सोयीचे समाधानही मिळते: आपला मुलगा काही गोठ्यावर नाही! टोकाचे दुःख पाहिले की मधल्या दुःखाकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते.

ते मधले दुःख दीपक उण्णीकृष्णन यांच्या २०१७ च्या इंग्रजी कथासंग्रहाने पकडले, असे माझे मत आहे. त्याच्या नावाचाच अर्थ 'तात्पुरती माणसे'. त्यातल्या एका कथेत अर्धवट इमारतींवरून पडलेल्या मजुरांना एक बाई रात्री हिंडून चिकटपट्टीने जोडून देते. ही अद्भुतकथा आहे खरी; पण मोडलेला माणूस सांधून पुन्हा कामावर पाठवणे यात अद्भुत कितीसे?

'तात्पुरती' या शब्दातच मला माझ्या कोड्याचे उत्तर दिसते. २०१९ पासून काही धनिकांना आणि तज्ज्ञांना दीर्घ मुदतीचे परवाने मिळू लागले आहेत. तरी सामान्य नोकरदाराचे तेथले वास्तव्य नोकरीलाच बांधलेले असते. नोकरी सुटली की थोड्या दिवसांत दुसरी मिळवावी, नाहीतर गाशा गुंडाळावा. मुंबईला गेलेला चाकरमानी चाळीत म्हातारा झाला, त्याची मुले तेथे भांडली, त्याच्या नातवाने कोकण नुसते सुट्टीत पाहिले. कादंबरीला असा काळ लागतो. जेथे सामान्य माणसाला म्हातारे होता येत नाही तेथे गोष्ट सुरू होते आणि विमानतळावर तुटते. म्हणून प्रवासवर्णने पिकतात आणि कादंबरी रुजत नाही.

पण हे कारण झाले, सबब नव्हे. तुटलेपण हाच विषय का होऊ नये? दुबईत मजुरांच्या एका मोठ्या वस्तीला तेथले हिंदी लोक सोनापूर म्हणतात. मुंबईच्या मराठी माणसाला सोनापूर म्हटले की स्मशान आठवते. सोन्याच्या आशेने ठेवलेले नाव आपल्या कानाला असे ऐकू यावे, हे मराठी लेखकालाच उमगेल. मल्याळम किंवा अरबी लेखकाला नव्हे. आपल्या वाट्याचे लिहायचे ते हे.

शेजाऱ्यांना मी अखेर नजीबची गोष्ट तोंडीच सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "फार वाईट. पण आमच्या पोराचं तसं नाही हो. खोलीत थंड हवेचं यंत्र आहे, पगार वेळेवर होतो. सुखी आहे म्हणतो." थोडे थांबून ते पुढे बोलले, "मग फोन ठेवायच्या आधी तो एवढा वेळ गप्प का राहतो?"

याचे उत्तर देणारे पुस्तक माझ्या कपाटात नव्हते. डब्याबरोबर मी एक कोरी वही दिली, आणि मुलाला जमेल तसे लिहायला सांगा म्हणालो.