श्रोत्याचे एकमेव वाक्य : ‘वन्स मोअर’चा अर्थविचार

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककाराचा, नटाचा व संगीतकाराचा विचार विपुल केला आहे. श्रोत्याचा मात्र बहुधा तक्रारीच्या सुरातच केला आहे. संगीत नाटकाच्या ऱ्हासाची कारणे सांगताना ‘वन्स मोअर’चे नाव हटकून घेतले जाते. या आरोळीने प्रसंग खोळंबले, कथानक विस्कटले आणि रात्रीचा प्रयोग पहाटेवर गेला, असा तो आरोप आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. जी आरोळी संगीत नाटकाच्या वैभवकाळापासून टिकून राहिली आणि आज रॉक संगीताच्या मैदानातही ऐकू येते, तिच्यात श्रोत्याच्या हावरेपणापलीकडे काही अर्थ असला पाहिजे. प्रयोगाच्या रात्री श्रोत्याच्या वाट्याला येणारे हे जवळजवळ एकमेव वाक्य होय. त्यामुळे त्याचा अर्थ लावणे हे जसे समीक्षकाचे, तसेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम ठरते.

या विचाराला रहिमतपूर हे ठिकाण सोयीचे आहे. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील हे गाव पुणे-मिरज लोहमार्गावर वसलेले असून नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म १९२० साली येथेच झाला. या मार्गाच्या दक्षिण टोकाशी, मिरजेला लागून, सांगली आहे. तेथे विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. उत्तर टोकास पुणे आहे. तेथे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला. या दोन नाटकांमधील भेदातच ‘वन्स मोअर’चे बीज आहे. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे त्यांच्या अनुरोधाने आयत्या वेळी भाषणे करीत. किर्लोस्करांनी पद पात्राच्याच मुखात घातले. तेव्हापासून एकाच मुखातून दोन व्यक्ती बोलू लागल्या : एक शकुंतला आणि दुसरा तिची भूमिका करणारा गायक नट. ‘वन्स मोअर’ची आरोळी यांपैकी दुसऱ्याला उद्देशून असते. शकुंतलेने आश्रमाचा निरोप पुन्हा घ्यावा, असे कोणाही श्रोत्याला म्हणावयाचे नसते. ज्या कंठाने तो निरोप गायिला, तो कंठ त्याला पुन्हा हवा असतो. श्रोता नाटक मोडतो, हे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. रचनेत आधीच असलेला सांधा तो केवळ उघड करतो.

या वाक्याचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. त्यात क्रियापद नाही, संबोधन नाही. असे असूनही ते आज्ञार्थी आहे. शिवाय ते परभाषेतील आहे. ही गोष्ट एकट्या मराठीची नव्हे. इंग्रज श्रोता याच प्रसंगी फ्रेंचांचा ‘आँकोर’ हा शब्द उच्चारतो, तर फ्रेंच श्रोता लॅटिनमधील ‘बिस्’ म्हणतो. नाटकाच्या भाषेत बोलले तर आपण नाटकातलेच एक पात्र ठरू, अशी काहीशी जाणीव या निवडीमागे असावी. परका शब्द श्रोत्याला नाटकाच्या बाहेर उभा ठेवतो.

मराठीने या उसन्या शब्दाला दिलेले वळण मात्र सर्वस्वी तिचे स्वतःचे आहे. इंग्रजीत ‘आँकोर’ श्रोते मागतात व कलावंत देतो. मराठीत श्रोते ‘वन्स मोअर’ देतात आणि गायक तो घेतो. वस्तुतः जी मागणी आहे, ती व्याकरणात दान होऊन बसते. ‘दाद’ या शब्दाची कथाही याच जातीची आहे. मूळ फारसीत न्याय असा अर्थ असलेल्या या शब्दाची मराठीत दोन रूपे झाली : पीडित मनुष्य दरबारात दाद मागतो आणि श्रोता मैफलीत दाद देतो. भाषेने श्रोत्याला याचकाच्या नव्हे, तर न्यायाधीशाच्या आसनावर बसविले आहे. ‘रसिक’ हा शब्द हाच अधिकार गृहीत धरतो. ‘फॅन’ या शब्दात तो नाही. त्यात निष्ठा आहे, निवाडा नाही.

हा निवाडा कशाविषयी असे? बालगंधर्वांच्या श्रोत्याला तेच पद पुन्हा हवे असे; पण पुन्हा मिळणारे पद तेच नसे. शब्द तेच राहत, आलाप आणि ताना नव्या येत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व व केशवराव भोसले एकत्र उभे राहिले. त्या रात्रीचे आकर्षण कथानकात नव्हते. ते नाटक दहा वर्षांपूर्वीच रंगभूमीवर आलेले होते. ज्ञात पदातून अज्ञात काय निघते, हे श्रोत्याला पाहावयाचे होते. कथानकाची हानी यात होतच असे, हे मान्य केले पाहिजे.

या हानीवर कानेटकरांनी श्रोत्याला दोष न देता रचनेतून उपाय शोधला. १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणलेल्या ‘मत्स्यगंधा’त त्यांनी पदे लिहिली आणि जितेंद्र अभिषेकी यांनी त्यांना चाली दिल्या. पदांची संख्या व लांबी आटोक्यात ठेवून ती भावस्थितीशी बांधण्याकडे येथे कल आहे. रामदास कामत यांच्या पराशराचे पद ऐकताना पात्र आणि कंठ यांतील अंतर कमी होते. दोनच वर्षांनी आलेल्या ‘लेकुरे उदंड जाली’मध्ये संवादच गाण्याकडे झुकतो. गाणे जेथे संवादापासून सुटे काढता येत नाही, तेथे पुन्हा मागावयाचे काय, हा प्रश्न श्रोत्यापुढे उभा राहतो. उपाय परिणामकारक होता; त्याची किंमतही होती. विस्ताराची वाट अरुंद झाली की न्यायाधीशाचे कामही कमी होते.

याच लोहमार्गाच्या उत्तर टोकाशी, पुण्यात, डिसेंबर २०१० मध्ये ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीतोत्सव सुरू झाला. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयावाचून गाणाऱ्या, म्हणजे ‘इंडी’ म्हणविणाऱ्या वाद्यवृंदांना त्याने मोठे व्यासपीठ दिले. तेथील चाहत्याची रात्र निराळी असते. तो उभा राहून ऐकतो. त्याला गाणी ध्वनिमुद्रणावरून पाठ असतात आणि तो ती गायकाबरोबर मोठ्याने गातो. शेवटी वाद्यवृंद आत जातो, आरोळी उठते आणि वाद्यवृंद परत येऊन बहुधा राखून ठेवलेले प्रसिद्ध गाणे सादर करतो. येथे आरोळीचा अर्थ उलटलेला दिसतो. संगीत नाटकाचा श्रोता तेच मागे व त्याला नवे मिळे. हा चाहता आणखी एक नवे गाणे मागतो व त्याला बहुधा तेच, पाठ असलेले, मिळते. पूर्वीची आरोळी कार्यक्रम लांबवीत असे. आजची आरोळी कार्यक्रमातच धरलेली असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मोकळ्या जागेतील ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा घातली असून मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातील मोजक्या दिवसांपुरतीच आहे. तेव्हा पहाटेचा प्रश्नच उरत नाही.

तथापि यावरून चाहत्याला रसिकाहून हीन ठरविणे घाईचे होईल. संगीत नाटकाचा श्रोता निवाडा देई, पण पद गात नसे. चाहता निवाडा सोडतो आणि गाऊ लागतो. मराठी परंपरेत त्याचा पूर्वज नाट्यगृहात सापडत नाही. तो कीर्तनात सापडतो, जेथे गजर साऱ्या सभेचा असतो आणि पाठ असणे हा दोष नसून पात्रता असते. एकाच आरोळीखाली अशा दोन भूमिका नांदत आहेत : नव्याची परीक्षा करणाऱ्याची आणि परिचितात सामील होणाऱ्याची. दोहोंना एकाच मापाने मोजणारी समीक्षा एकीवर अन्याय करील. म्हणून प्रयोगाची समीक्षा लिहिताना रंगमंचावर काय झाले, याबरोबरच श्रोत्याने कोणत्या भूमिकेतून साद घातली आणि त्याला कशाने उत्तर मिळाले, याचीही नोंद घेतली गेली पाहिजे.