गोठविलेल्या रक्तद्रवाचे द्रवीकरण : प्रचलित पद्धतींची चिकित्सा

उणे 30 अंशांखाली जपून ठेवलेल्या रक्तद्रवाचे, म्हणजे प्लाझ्माचे, खरे मोल अखेरच्या अर्ध्या तासात ठरते. प्रसूतीनंतर ज्या मातेचा रक्तस्राव थांबत नाही तिच्यासाठी पिशवी मागविली जाते, तेव्हा घाईत पाणी अधिक तापविण्याचा मोह होतो. तो सर्वस्वी त्याज्य होय. 50 अंशांच्या पुढे फायब्रिनोजेनची रचनाच बिघडू लागते, आणि ज्याच्यासाठी रक्तद्रव द्यावयाचा तेच नष्ट होते.

विलंबाचे कारण भौतिक आहे. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे 80 कॅलरी लागतात. शिवाय प्रथम वितळलेला थर स्थिर राहिल्यास आतील गोळ्यापर्यंत उष्णता सावकाश पोहोचते. म्हणून 37 अंशांच्या पाण्यात पिशवी हलती ठेवणे हाच शीघ्रतेचा खरा उपाय. तथापि हेच पाणी जंतूंचे आश्रयस्थान होऊ शकते, आणि गोठलेली पिशवी ठिसूळ असल्याने सूक्ष्म तडा सहज जातो. वरून दुसरे प्लास्टिकचे आवरण घालण्यात हयगय नसावी. सूक्ष्मलहरींच्या भट्टीत वेळ वाचतो खरा; पण बर्फापेक्षा पाणी त्या लहरी कितीतरी अधिक शोषते, त्यामुळे आधी वितळलेला भाग तापून निघतो. विशेष यंत्राविना ती वापरणे धाडसाचे ठरेल.

मंद द्रवीकरण मात्र सरसकट दोषास्पद नव्हे. 4 अंशांच्या आसपास वितळविल्यास आठवा घटक व फायब्रिनोजेन यांचा अविद्राव्य साका उरतो. 1964 साली ज्युडिथ पूल यांनी यातूनच क्रायोप्रेसिपिटेटचा मार्ग दाखविला.

वर्धा जिल्ह्यात प्रश्न अंतराचाही आहे. सेवाग्राम व सावंगी मेघे येथील दोन्ही वैद्यकीय महाविद्यालये वर्धा शहरालगत आहेत. आर्वी किंवा कारंजा तालुक्यातील रुग्णालय तेथून दूर. गोठलेली पिशवी पाठवून ती तेथे बादलीतील अंदाजाच्या कोमट पाण्यात सोडण्यापेक्षा, रक्तपेढीतच वितळवून 2 ते 6 अंशांच्या शीतपेटीतून धाडणे श्रेयस्कर. वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा त्या पेटीची निगा विशेष घ्यावी लागेल. एकदा वितळलेला रक्तद्रव पुन्हा गोठविता येत नाही, ही या योजनेवरील रास्त हरकत. परंतु साठवणीत प्रामुख्याने आठवा घटक घटतो, फायब्रिनोजेन बराच टिकतो. अमेरिकेत वितळलेला रक्तद्रव शीतपेटीत 5 दिवसांपर्यंत वापरण्यास मुभा आहे, ती याच आधारावर.