द्रव्यमानाची व्याख्या : माख यांच्या आक्षेपाचे पुनर्परीक्षण

न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’तील (१६८७) पहिलीच व्याख्या द्रव्यमानाची आहे : घनता व आकारमान यांच्या योगे मोजली जाणारी द्रव्याची राशी. घनता म्हणजे एकक आकारमानातील द्रव्यमान असे मानल्यास येथे अन्योन्याश्रय दोष घडतो, हा एर्न्स्ट माख यांचा १८८३ सालचा आक्षेप सुपरिचित आहे. आमच्या वर्गांतून तो अखेरच्या निकालासारखा वाचून दाखविला जातो. त्याची उलटतपासणी मात्र क्वचितच होते.

माख यांची पर्यायी व्याख्या अशी : दोन वस्तू परस्परांत विरुद्ध दिशांचे प्रवेग निर्माण करतात; त्या प्रवेगांचे व्यस्त गुणोत्तर म्हणजे द्रव्यमानांचे गुणोत्तर. मग प्रेरणा हे द्रव्यमान व प्रवेग यांच्या गुणाकाराचे केवळ नाव उरते आणि तिसरा नियम व्याख्येतच विरून जातो. तथापि क व ख, ख व ग यांच्या गुणोत्तरांवरून निघणारे क व ग यांचे गुणोत्तर प्रत्यक्षाशी जुळेल, हे कोणतीही व्याख्या सांगू शकत नाही. ते प्रयोगानेच कळते. माख यांनी हे स्वच्छपणे ओळखले होते, आणि त्यांच्या विवेचनाचे खरे मोल मला येथेच दिसते.

अडचण पुढे आहे. दोनच वस्तू विश्वापासून अलग काढता येत नाहीत. सी. जी. पेंडसे (हे आडनाव मराठी वाचकास परके वाटू नये) यांनी १९३७ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये नेमके यावर बोट ठेवले. अवकाशाला मिती तीन. म्हणून एखाद्या कणाचा प्रवेग इतर कणांच्या दिशांनी विभागताना समीकरणे तीनच मिळतात. एकूण कण चारांहून अधिक झाले की अज्ञात राशी तिहींहून अधिक होतात, आणि कोणामुळे किती प्रवेग आला हे एका क्षणाच्या निरीक्षणाने एकमेव रीतीने ठरत नाही. माख यांना तर नेमके हेच घटक हवे असतात.

बनारस हिंदू विश्वविद्यालयातील वि. वा. नारळीकर यांनी १९३९ साली त्याच नियतकालिकात उपाय सुचविला. गुरुत्वाकर्षणाचा व्यस्तवर्ग नियम गृहीत धरावा, पुरेशा बिंदूंवर चाचणी-कणांचे प्रवेग मोजावेत. समीकरणे द्रव्यमानांत एकघाती असल्याने उत्तर मिळते. उपाय सुरेख खरा. परंतु द्रव्यमान ठरविण्यासाठी निसर्गातील एका विशिष्ट प्रेरणेला साक्षीस बोलवावे लागले, आणि हाती आले ते गुरुत्वीय द्रव्यमान, निरूढीचे नव्हे. दोहोंची समानता व्याख्येने मिळत नाही. विद्युत्‌भाराच्या बाबतीत तसे काही नाही : इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांचा भार परिमाणाने सारखा, द्रव्यमाने मात्र अत्यंत भिन्न.

आता न्यूटन यांच्या त्या व्याख्येखालचे स्पष्टीकरण पाहावे. द्रव्यमान वजनावरून कळते, कारण लंबकांच्या काटेकोर प्रयोगांत ते वजनाच्या प्रमाणात आढळले, असे ते तेथेच सांगतात. माख यांच्या आक्षेपाची पुनरुक्ती करणारे हे वाक्य सहसा वगळतात. तिसऱ्या खंडात तो प्रयोग आहे : अकरा फुटी दोऱ्यांना टांगलेल्या दोन सारख्या लाकडी पेट्या, त्यांत सोने, रुपे, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी व गहू. सहस्रांशाइतका फरकही लपला नसता, असा त्यांचा दावा. २०१६ साली सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहाने टायटॅनियम व प्लॅटिनम घेऊन हीच तुलना केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांत एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांत काही थोड्या भागांच्या मर्यादेपर्यंत फरक आढळला नाही.